ओचो रिओसची अर्ध्या दिवसाची बससहल: सोलापूरहून अमेरिकेला जाणाऱ्या आई-वडिलांसाठी

मुलं अमेरिकेत आणि आई-वडील सोलापुरात, अशी घरं आता जुळे सोलापूरपासून होटगी रोडपर्यंत गल्लोगल्ली सापडतात. व्हिसा झाला की तीन-चार महिन्यांचा मुक्काम ठरतो आणि त्यातच मुलं फ्लोरिडाहून सुटणाऱ्या आठवड्याच्या कॅरिबियन क्रूझचं बुकिंग करून मोकळी होतात. या क्रूझ बऱ्याचदा जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या ओचो रिओस या गावाला थांबतात. गाव छोटं, मागे हिरवे डोंगर, पुढे अर्धगोल खाडी. जहाज सकाळी लागतं आणि दुपारी उशिरा सुटतं. मध्ये जे सात-आठ तास मिळतात त्यातले चार-साडेचार तास बससहलीला द्यायचे. ते नीट गेले तर पूर्ण क्रूझमधला हाच दिवस जास्त लक्षात राहतो.

आमचं सगळ्यात आग्रहाचं सांगणं आधीच सांगतो. अर्ध्या दिवसात एकच मोठी गोष्ट होते. इथला डन्स रिव्हर धबधबा चढायचा असेल तर धबधबा, नाहीतर बसमधून गाव-डोंगर-बाग. दोन्ही कोंबलेल्या सहली विकल्या जातात, पण त्यात धबधब्यावर धावपळ होते आणि बागेत फक्त फोटो होतात. साठीच्या पुढच्या माणसांना तर ती धावपळ नकोच.

बंदर कोणतं ते आधी बघा

जमैकात क्रूझची मुख्य बंदरं तीन: ओचो रिओस, फालमथ आणि माँटेगो बे. सहलीचं नाव सगळीकडे जवळजवळ सारखंच असतं, ‘ओचो रिओस आणि डन्स रिव्हर’. पण तुमचं जहाज फालमथला लागणार असेल तर बसने ओचो रिओसला पोचायलाच एका बाजूने तासाभराहून जास्त लागतो. म्हणजे साडेचार तासांतले अडीच तास रस्त्यात. जहाज ओचो रिओसच्या धक्क्यालाच लागत असेल तर डन्स रिव्हर धबधबा तिथून जेमतेम तीन-चार किलोमीटर. मुलांनी बुकिंग केलं की त्यांच्याकडून प्रवासाचा तक्ता मागवा आणि बंदराचं नाव स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. फालमथ असेल तर त्याच गावातली सहल घ्या. जॉर्जियन काळातली, म्हणजे जुन्या इंग्रजी राजवटीतली घरं तिथे रस्त्यारस्त्यावर आहेत आणि बराच भाग पायी होतो.

सहल कुणाकडून घ्यायची

तीन वाटा आहेत. जहाजाकडूनच घ्यायची, आधी ऑनलाइन एखाद्या स्थानिक कंपनीकडून घ्यायची, किंवा धक्क्यावर उतरून गाडी ठरवायची.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी जहाजाचीच घ्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे. महाग पडते, हे खरं. पण बस वाटेत बंद पडली किंवा रस्ता तुंबला तर जहाज आपल्या सहलीच्या लोकांसाठी थांबतं, नाहीतर स्वतः त्यांची पुढची सोय करतं. बाहेरून घेतलेल्या सहलीसाठी जहाज थांबत नाही. दुसरं कारण हवामानाचं. हिवाळ्यात उत्तरेकडून जोराचे वारे आले की या किनाऱ्यावर लाटा वाढतात आणि कप्तान ऐनवेळी बंदर रद्द करू शकतो. तेव्हा जहाजाकडून घेतलेल्या सहलीचे पैसे परत मिळतात. बाहेरच्या कंपनीच्या अटी आधी वाचाव्या लागतात. चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. २८ ऑक्टोबर २०२५ ला ‘मेलिसा’ हे अतितीव्र वादळ जमैकाच्या नैऋत्य भागावर आदळलं होतं. त्या महिन्यांत निघणार असाल तर रद्द होण्याची तयारी मनाशी ठेवूनच जा.

चार-पाच जणांचं कुटुंब असेल, सोबत मुलगा किंवा सून असेल, तर स्थानिक गाडी स्वस्त आणि मोकळी पडते. अशा वेळी गाडीची नंबरप्लेट बघा. प्रवासी वाहतुकीचा परवाना असलेल्या गाड्यांची पाटी जमैकात लाल असते. पाटी लाल नसेल तर गाडीत बसू नका, भाडं कितीही कमी सांगो. भाडं ठरवताना ते माणशी की अख्ख्या गाडीचं, एका बाजूचं की जाऊन-येऊन, आणि थांबण्याचे पैसे त्यात धरलेत का, हे तिन्ही बोलून घ्या. पैसे परत आल्यावरच द्या.

सहलीच्या माहितीत एक ओळ हमखास वाचायची: चालणं किती आणि पायऱ्या किती. जहाजाच्या पुस्तिकेत प्रत्येक सहलीपुढे हलकी, मध्यम, दमवणारी अशी खूण असते. गुडघे कुरकुरत असतील तर ‘मध्यम’ला ‘दमवणारी’ समजा.

कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी जमैकाला आधी व्हिसा काढावा लागत नाही. महत्त्वाचा आहे तो अमेरिकेचा व्हिसा. क्रूझ संपून फ्लोरिडात उतरताना तुम्ही अमेरिकेत नव्याने प्रवेश करता, म्हणून तो अनेकदा प्रवेशाचा आणि तोवर चालू असलेला हवा. अमेरिकी नागरिकांना काही क्रूझवर पासपोर्टशिवाय चालतं. ते ऐकून मुलांचे मित्र ‘काही लागत नाही हो’ म्हणतील. ते तुम्हाला लागू नाही.

गावात उतरताना जहाजाचं कार्ड, फोटो असलेलं एक ओळखपत्र आणि पासपोर्टच्या पहिल्या पानाची व व्हिसाच्या पानाची झेरॉक्स जवळ ठेवा. मूळ पासपोर्ट खोलीतल्या तिजोरीत राहू द्या. तो नेण्याबद्दल जहाजाने वेगळी सूचना दिली असेल तर तीच पाळायची.

एका गोष्टीकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. याच क्रूझमध्ये पनामा, कोलंबियातलं कार्ताहेना किंवा त्रिनिदाद असेल, तर भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र विचारलं जाऊ शकतं. ते नसेल तर विमानतळावरून थेट घरी सोडत नाहीत, सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. जमैका त्या यादीत नाही. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य धरलं जातं आणि ती सरकारमान्य केंद्रातच मिळते, म्हणून हे सोलापूर सोडण्याआधीच बघायचं. साठीनंतर ही लस घेण्याआधी डॉक्टरांशी बोलणं आवश्यक आहे.

घड्याळ

सहली फसतात त्या बहुतेक इथेच, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

जमैकात वर्षभर एकच वेळ असते. अमेरिकेत मात्र मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. म्हणजे हिवाळ्यात मायामी आणि ओचो रिओसची वेळ सारखी, पण मार्च ते नोव्हेंबर मायामीचं घड्याळ जमैकाच्या एक तास पुढे. जहाज कधी मायामीचीच वेळ चालू ठेवतं, कधी स्थानिक वेळेवर येतं. जी वेळ जहाजावर चालू असते ती ‘शिप टाइम’, आणि सहलीची, जेवणाची, जहाज सुटण्याची प्रत्येक वेळ तीच धरून छापलेली असते.

आता मोबाइल काय करतो? किनाऱ्याचं नेटवर्क मिळालं की तो आपोआप जमैकाची वेळ दाखवू लागतो. समजा जून महिना आहे, जहाज मायामीच्या वेळेवर चाललंय आणि चढण्याची शेवटची वेळ दुपारी ४ आहे. तुम्ही बाजारात उभे आहात, मोबाइलवर ३ वाजलेत, अजून तास आहे म्हणून चादरीएवढा नक्षीचा कपडा उलगडून बघताय. त्याच क्षणी जहाजावर ४ वाजलेले आहेत.

उपाय साधा आहे. मनगटावर काट्यांचं घड्याळ बांधा, जहाजावर चढल्या दिवशी ते शिप टाइमला लावा आणि जहाजाने सांगितल्याशिवाय त्याला हात लावू नका. मोबाइलमधली आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करा. आदल्या रात्री खोलीत येणाऱ्या कागदावर किंवा जहाजाच्या ॲपवर ‘उद्या घड्याळ बदलायचं की नाही’ हे लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय झोपू नका. आणि शेवटच्या वेळेच्या एक तास आधी धक्क्यावर परत, हा नियम नवरा-बायकोने आपसात ठरवूनच टाका.

सोलापूरला फोन करायचा असेल तर जमैकाच्या वेळेत साडेदहा तास मिळवा. तिथे सकाळचे ९, म्हणजे इथे संध्याकाळचे साडेसात. घरी सगळे भेटतात ती हीच वेळ. फोन बंदरावरच्या वायफायवरून करा आणि जहाजावर चढताच मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका. समुद्रात जहाजाचं मोबाइल नेटवर्क पकडलं गेलं तर बिल बघवत नाही.

अंगावर काय, पिशवीत काय

सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि ओचो रिओस १८.४. सूर्य दोन्हीकडे जवळपास सारखाच डोक्यावर येतो. ‘आम्ही बेचाळीस डिग्री काढतो, आम्हाला काय ऊन सांगता’ असं म्हणणारे तिथे फसतात, त्याचं कारण हवेतला दमटपणा. आपल्याकडे मे महिन्यात घाम सुटताच वाळतो आणि वाळताना अंग गार करतो. तिथे तापमान तिशीच्या आसपास असलं तरी घाम अंगावरच राहतो आणि शरीरातली उष्णता बाहेर पडत नाही. थकवा, डोकं जड होणं, पायात गोळे येणं हे त्यातून होतं. माणशी एक लिटर पाणी आणि ओआरएसचं एक पाकीट घ्या. बाटली जहाजावरच भरून घेतलेली बरी.

कपडे सुती असावेत ही आपली सवय, पण धबधब्याच्या दिवशी ती मोडा. भिजलेलं सुती कापड जड होतं, अंगाला चिकटतं आणि तासन्‌तास वाळत नाही. साडी आणि ओढणी धबधब्यावर धोक्याचीच आहे, पायात अडकते. पॉलिस्टरची लेगिंग किंवा ट्रॅक पँट आणि वर टी-शर्ट, हे बायका-पुरुष दोघांनाही सोयीचं. लष्करी हिरव्या ठिपक्यांचे कपडे, टोपी किंवा पिशवी अजिबात नको. जमैकात सामान्य माणसाने ती नक्षी वापरणं कायद्याने गुन्हा आहे आणि लहान नातवाच्या चड्डीवरही ती नको.

टॉवेलबद्दल सोलापूरकरांना वेगळं सांगावं लागतं, कारण आपण प्रेमाने जाड टर्किश टॉवेल भरतो. त्याचे टाके पाणी धरून ठेवतात, ओला झाला की तो पिशवीत वजनदार बोळा होऊन बसतो आणि बाकीचे कपडे भिजवतो. त्याऐवजी पातळ सुती पंचा न्या. पिळला की निम्मा कोरडा, बसच्या खिडकीशी धरला की गावात पोचेपर्यंत पूर्ण कोरडा, आणि उन्हात डोक्यालाही बांधता येतो. माणशी दोन पंचे पुरतात.

बाकी यादी छोटी आहे. सनस्क्रीन, निघण्याआधी वीस मिनिटं लावलेलं. डासांचं मलम, कारण तिथे डेंग्यू आहे. चष्म्याला मागून बांधायची दोरी. मोबाइलसाठी पाणी न शिरणारी पिशवी. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत. रोजची औषधं मूळ पाकिटात. मंगळसूत्र, पाटल्या, अंगठ्या खोलीतल्या तिजोरीत. पाण्याच्या झोतात साखळी कधी तुटली ते कळतही नाही.

पैसे अमेरिकन डॉलरमध्ये चालतात, पण नोटा लहान हव्यात. जोडप्यासाठी १ डॉलरच्या २० आणि ५ डॉलरच्या ६ नोटा, एवढ्यात टिपा, लॉकर आणि किरकोळ खरेदी भागते. त्या मायामीतच सुट्या करून घ्या. जहाजाच्या काउंटरवर बंदराच्या सकाळी रांग असते आणि सुटे संपलेले असतात.

बसमध्ये

जहाजाच्या सहलीत आधी थिएटरमध्ये जमवतात, शर्टावर नंबराचं स्टिकर लावतात आणि त्या नंबराची पाटी धरलेल्या माणसामागून धक्क्यावर नेतात. निघण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन या. बस बहुधा पंचवीस-तीस सीटांची असते आणि तिच्यात स्वच्छतागृह नसतं. ज्यांना रक्तदाबासाठी लघवीची गोळी आहे त्यांनी त्या दिवशी ती परत आल्यावर घेतली तर चालेल का, हे सोलापूर सोडतानाच डॉक्टरांना विचारून ठेवावं.

बसमध्ये चढण्याआधी तिची नंबरप्लेट आणि पुढची काच यांचा फोटो काढा. धबधब्याच्या वाहनतळावर एकसारख्या बसांची रांग लागते आणि परत येताना आपली कोणती हे ओल्या अंगाने शोधणं नकोसं होतं.

जमैकात आपल्यासारखीच डावीकडून गाडी चालवतात. त्यामुळे बसचं दार डावीकडे आणि रस्ता ओलांडताना आपली नजर आधी उजवीकडे जाते ती बरोबरच असते. अमेरिकेत दोन महिने राहून आलेल्यांनी मात्र तिथली नवी सवय इथे विसरावी. डन्स रिव्हरकडे जाताना बस पश्चिमेला जाते, म्हणजे समुद्र उजवीकडे. येताना तो डावीकडे. फर्न गली या नेच्यांच्या घळीकडे जाणारी बस दक्षिणेला डोंगरात वळते, तिथे दोन्ही बाजू सारख्याच. गाडी लागणाऱ्यांनी पहिल्या तीन रांगांत बसावं आणि मळमळीची गोळी निघण्याआधी अर्धा ते एक तास घ्यावी. तिने झोप येते, तेव्हा धबधबा चढणाऱ्यांनी ती न घेतलेली बरी.

फर्न गली बघायला खरोखर सुंदर आहे. नदीचं जुनं कोरडं पात्र, त्यात १८८० च्या दशकात नेचे लावले आणि पुढे त्यातूनच रस्ता गेला. साधारण पाच किलोमीटर बस या अरुंद घळीतून वळणं घेत जाते. वर झाडांच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, भर दहा वाजता उजेड हिरवट आणि मंद. फोटोसाठी मोबाइलचा फ्लॅश बंद करा, काचेवर तो उलटतो. मुळात पात्रच असल्याने जोराच्या पावसात इथे पाणी येतं. तेव्हा हा टप्पा गाळला तर गाइडशी वाद घालू नका.

गाइड सहसा बोलका असतो आणि माहितीही पक्की सांगतो. रस्त्याकडेला आंबा, चिंच, फणस, गुलमोहर दिसतील, आपल्यालाच ओळख करून द्यावी लागत नाही. नवी झाडं तीन: ॲकी, ब्रेडफ्रूट म्हणजे विलायती फणस, आणि पिमेंटो, ज्याच्या वाळलेल्या फळाला ऑलस्पाइस म्हणतात. ब्रेडफ्रूट १७९३ मध्ये जहाजाने पॅसिफिकमधून आणलं गेलं, मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोसण्यासाठी. ॲकी आफ्रिकेतून आलं आणि जमैकाच्या राष्ट्रीय पदार्थात तेच असतं. हे फळ झाडावर आपोआप उकलल्याशिवाय खायचं नसतं. कच्च्या ॲकीत विष असतं आणि त्याने माणसं दगावली आहेत. हॉटेलात शिजवलेलं खा, झाडावरचं तोडू नका.

शेजारच्या सेंट ॲन्स बेमध्ये कोलंबस १५०३-०४ मध्ये वर्षभर अडकून पडला होता. जहाजं कुजलेली आणि स्थानिक तायनो लोक अन्न द्यायचे थांबलेले. तेव्हा २९ फेब्रुवारी १५०४ च्या चंद्रग्रहणाचा अंदाज पंचांगावरून काढून त्याने त्यांना घाबरवलं. याच गावात १८८७ मध्ये कृष्णवर्णीयांचा नेता मार्कस गार्वी याचा जन्म झाला. रेगे संगीताचा प्रसिद्ध गायक बॉब मार्ली १९४५ मध्ये याच जिल्ह्यातल्या नाइन माइल या डोंगरातल्या खेड्यात जन्मला. ते घर बघायची इच्छा असेल तर ती वेगळी सहल आहे, अर्ध्या दिवसात धबधब्याबरोबर होत नाही.

ड्रायव्हर पन्नाशीच्या पुढचा असेल तर क्रिकेट काढा. भारताच्या १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यातल्या पहिल्याच कसोटीत जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनला दिलीप सरदेसाईंनी २१२ धावा केल्या होत्या आणि गावसकरांनी पुढच्या चार कसोट्यांत ७७४. अजित वाडेकरांचा तो संघ मालिका जिंकून आला. हा विषय निघाला की बसमध्ये तुमची ओळख बदलते. आणि एक गोष्ट जरूर विचारा. १० मे १८४५ ला ‘ब्लंडेल हंटर’ या जहाजातून पहिले भारतीय मजूर दक्षिण किनाऱ्यावरच्या ओल्ड हार्बर बेला उतरले आणि पुढच्या काळात छत्तीस हजारांहून जास्त आले. उसाच्या मळ्यांसाठीच. आज तिथल्या घराघरात जी मटणाची करी आणि रोटी होते ती त्यांची. आपल्या जिल्ह्यातही ऊसतोडीसाठी घर सोडून येणारी माणसं आपण दरवर्षी बघतो, त्यामुळे हा इतिहास आपल्याला लवकर भिडतो.

धबधबा

डन्स रिव्हर धबधबा सुमारे ५५ मीटर उंच आणि १८० मीटर लांब आहे. एकदम कोसळत नाही, पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत थेट समुद्राला मिळतो. झऱ्याच्या पाण्यातला चुना साचून हे खडक बनतात, म्हणून धबधबा झिजण्याऐवजी आपले खडक वाढवत राहतो. चढायचं खालून वर. आधी बाजूच्या जिन्याने किनाऱ्यापर्यंत उतरायचं, मग गाइडमागे पाण्यातून वर यायचं. त्याला तास ते सव्वा तास लागतो.

तुम्हाला जमेल का, याची परीक्षा सोलापुरातच घेता येते. तुळजापूरला देवीच्या दर्शनाला जाल तेव्हा पायऱ्या कठड्याला न धरता उतरून-चढून बघा. धाप न लागता आणि गुडघा न धरता झालं तर धबधबा होईल. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, हृदयाचा त्रास असेल, तोल जात असेल, तर चढू नका. कडेने लाकडी सज्जे आणि जिना आहे. तिथून मुलं चढताना पूर्ण दिसतात आणि झाडांची सावली असते. हे कमीपणाचं मुळीच नाही.

पायात पाण्याचे बूट लागतात, म्हणजे रबरी तळ असलेले पातळ कापडी बूट. चप्पल किंवा पट्ट्याची सँडल पाण्याच्या जोराने निघून जाते. बूट तिथे भाड्याने मिळतात, पण ते ओले असतात आणि माप नेमकं मिळेलच असं नाही. अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या दुकानात स्वस्त जोड मिळतो, तोच घेऊन जा.

चढताना सगळ्यांना हात धरून साखळी करायला लावतात. फोटोला छान दिसते, पण शेजारचा घसरला तर तो तुम्हालाही ओढतो. बोटांत बोटं गुंतवू नका, मनगट धरा. अवघड उंच पायरीवर हात सोडून दोन्ही हात खडकावर टेका. एका वेळी एकच पाय उचला, तो टेकल्यावरच दुसरा. फिकट, खरबरीत आणि सतत पाणी वाहणारा खडक पायाला धरतो. घसरवतो तो कडेचा हिरवा शेवाळलेला, जिथे पाणी संथ असतं. लोक वाहत्या पाण्याला घाबरून नेमके तिकडेच सरकतात. वाटेत ठिकठिकाणी बाजूच्या जिन्यावर निघण्याच्या जागा आहेत. दम लागला तर ‘एक्झिट प्लीज’ म्हणा, गाइड हाताला धरून बाहेर काढतो.

सोबत चित्रीकरण करणारा माणूस असतो. त्याला आधी किंमत विचारा किंवा आधीच नको म्हणा. चढून झाल्यावर व्हिडिओ तयार असतो आणि मग नाही म्हणणं जड जातं. वर आल्यावर कपडे बदलूनच बसमध्ये बसा. बसचा एसी जोरात असतो आणि ओल्या अंगाने हमखास थंडी भरते. धबधब्याच्या गाइडला माणशी २ ते ३ डॉलर, बसच्या गाइडला ३ ते ५ आणि ड्रायव्हरला १ ते २ डॉलर टिप देण्याची रीत आहे.

किनारा आणि खाणं

सहलीत किनाऱ्यावर अर्धा तास असेल तर ओचो रिओसची खाडी शांत असते, गुडघाभर पाण्यात उभं राहायला हरकत नाही. लाल बावटा असेल तर तेवढंही नको. २०११ पासून कॅरिबियनमध्ये सरगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ मोठ्या प्रमाणात वाहून येतं, विशेषतः उन्हाळ्यात. कुजलं की वास मारतं. त्या दिवशी सहलीला नावं ठेवू नका, तो समुद्राचा भाग आहे. आणि किनाऱ्यावरच्या अनोळखी झाडाखाली पावसात उभं राहू नका. मँचिनील नावाच्या झाडाचा चीक पावसाच्या थेंबाबरोबर अंगावर आला तरी फोड येतात. त्याचं फळ लहान हिरव्या सफरचंदासारखं दिसतं आणि ते विषारी आहे.

अर्ध्या दिवसाच्या सहलीत जेवण नसतं. शाकाहारी माणसाला जहाजावर परत येऊन जेवणं सोपं. गावातच खायचं असेल तर ‘आयटल’ अशी पाटी शोधा. रास्ताफारी या जमैकातल्या धर्मपंथाच्या लोकांचं हे जेवण, त्यात मांस नसतं आणि मीठही बहुधा नसतं. कॅलालू म्हणजे आपल्या माठाच्या जातीचीच पालेभाजी. राइस अँड पीज म्हणजे नारळाच्या दुधातला राजमा-भात, पण त्यात कधी कधी मांसाचा तुकडा टाकलेला असतो, विचारून घ्या. व्हेजिटेबल पॅटीच्या आवरणात चरबी वापरली आहे का हेही विचारा. स्कॉच बॉनेट मिरची आपल्या चटणीखाऊ जिभेलाही भारी पडते, पहिल्यांदा टोकभरच.

जहाजावरचं उघडं अन्न किनाऱ्यावर नेता येत नाही. फळं तर नाहीच. मधुमेह असेल तर कारखान्यात सील केलेलं बिस्किटाचं किंवा शेंगदाण्याच्या चिक्कीचं पाकीट पिशवीत ठेवा. घरून नेलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र मुलांच्या घरीच राहू द्या.

खरेदी

किंमत विचारताना कोणता डॉलर हे आधी विचारा. एका अमेरिकन डॉलरला दीडशेहून जास्त जमैकन डॉलर येतात, त्यामुळे नुसता आकडा ऐकून नोट पुढे करू नका. बाजारात सुरुवात ‘गुड मॉर्निंग’ने करा, तिथे नमस्कार न करता थेट भाव विचारणं उद्धट समजतात. पहिल्या किमतीच्या साठ-सत्तर टक्क्यांवर सौदा सहसा होतो. नको असेल तर हसून ‘नो थँक यू’ आणि पुढे चालायचं. थांबलात की विक्रेता पाठ सोडत नाही.

डन्स रिव्हरच्या बाहेर पडायच्या वाटेवर कुणी प्रेमाने नाव विचारेल. सांगू नका. नाव लाकडाच्या तुकड्यावर कोरून हातात देतात आणि मग पैसे मागतात.

घ्यायची असेल तर भाजलेली ब्लू माउंटन कॉफी घ्या, पाकिटावर शंभर टक्के असं लिहिलेलं बघून. नुसतं ‘ब्लेंड’ लिहिलेलं असेल तर त्यात दुसरी कॉफी मिसळलेली असते. प्रवाळ, कासवाच्या पाठीच्या वस्तू, बिया, झाडाची फांदी यातलं काही नको. अमेरिकेच्या कस्टममध्ये अडकतं. बाजारात कुणी गांजा पुढे केला तर थांबूही नका. २०१५ पासून जमैकात थोडा गांजा जवळ बाळगणं फौजदारी गुन्हा राहिलेलं नाही, पण जहाजावर आणि अमेरिकेच्या सीमेवर तो पूर्ण बेकायदा आहे. धक्क्यावर तपासणी होते आणि पकडलं गेलं तर अमेरिकेचा व्हिसा कायमचा जाऊ शकतो. कुणाचीही पिशवी, कुणाचंही पाकीट ‘जरा धरा’ म्हणून हातात घेऊ नका.

उशीर झालाच तर

जहाजाच्या रोजच्या कागदावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर छापलेला असतो. सकाळी निघताना त्याचा फोटो काढा आणि नंबर एका कागदावर लिहून खिशात ठेवा, मोबाइल भिजला तरी चालेल असा. जहाज सुटलं तर धावपळ न करता धक्क्यावरच जाऊन त्या एजंटला गाठा. माणसं वेळेत आली नाहीत तर बऱ्याच जहाजांवर कर्मचारी खोलीतल्या तिजोरीतले पासपोर्ट काढून एजंटकडे देऊन जातात. पुढच्या बंदराला विमानाने स्वतःच्या खर्चाने जावं लागतं, तेव्हा प्रवासविम्याच्या पॉलिसीत ही सोय आहे का हे घेतानाच बघा. पोलिसांसाठी जमैकात ११९ आणि रुग्णवाहिकेसाठी ११० हे नंबर आहेत. तेही त्याच कागदावर लिहा.